गुप्त कामगिरींतील प्रेम आणि घरांतील कपाट

आमच्या पुरुषोत्तमनगरच्या घरीं रात्रीचीं जेवणें आटोपलीं म्हणजे वाचनाचा एक लहानसा वर्ग भरतो. शहादे तालुक्यांत साखर कारखान्याभोवती वसलेलें हें आमचें गांव. गळिताचा हंगाम असला म्हणजे वाचनाला उसाच्या गाड्यांची साथ मिळते. मागील पंधरवड्यांत सूनबाईंनीं एका इंग्रजी कादंबरीचें कथानक सांगावयास घेतलें. एक तरुण व एक तरुणी असे दोन वेषधारी पोलीस पतिपत्नीचें सोंग घेऊन, डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत अशा गोळ्यांचा चोरटा व्यापार करणाऱ्या टोळींत शिरतात. आणि सोंगाचें नातें हळूहळू खरें होतें. आमची नात म्हणाली, "आजोबा, जीव धोक्यांत आणि तरी एवढें प्रेम! किती छान!" त्या वेळीं आम्ही मौन धरलें. तेव्हां जें बोललों नाहीं, तें आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

अशा जोडप्यांचें आकर्षण नवें नाहीं. ॲगाथा ख्रिस्तीबाईंनीं १९२२ सालीं टॉमी आणि टपेन्स ह्या जोडीला जन्म दिला. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि विजया ह्या दांपत्यानें किती घरांतील दिवे उशिरांपर्यंत जळत ठेविले, हें आमच्या वयाच्या वाचकांस सांगणें नलगे. परंतु कथेंतील प्रेम संकटांतून तारतें. व्यवहारांत तें कित्येकदां डोळ्यांवर पट्टी बांधतें.

कौटिल्यानें हें फार पूर्वीं ओळखलें होतें. हेरांनीं एकमेकांस ओळखूं नये, आणि तिघांकडून आलेलें वृत्त एकच निघालें तरच त्यावर विश्वास ठेवावा, असा दंडक त्यानें अर्थशास्त्रांत घालून दिला आहे. ह्यांत प्रेमाविषयीं तिरस्कार नाहीं. ज्याच्यावर आपला जीव जडला, त्याची चूक आपल्याला दिसत नाहीं, आणि दिसली तरी उच्चारवत नाहीं, हें मनुष्यस्वभावाचें ज्ञान त्यांत आहे.

त्याचें दारुण उदाहरण अमेरिकेंत घडलें. टेक्सासमधील टायलर ह्या गांवीं १९७०च्या दशकाच्या अखेरीस किम वोझेनक्राफ्ट ही तरुणी आपल्या सहकाऱ्यासह अंमली पदार्थांच्या गुप्त तपासावर होती. दोघें परस्परांवर अनुरक्त झालीं. त्या कामांत जे पदार्थ त्यांनीं घेतले, त्यांचेंच त्यांना व्यसन जडलें. पुढें पुराव्यांत आणि साक्षींत असत्य शिरलें, व अखेर दोघांनाहि कारावास भोगावा लागला. तिनें १९९० सालीं ह्या अनुभवावर 'रश' नांवाची कादंबरी लिहिली व १९९१ त तिचा चित्रपट निघाला. दोघांपैकीं एकानें वेळींच "आतां पुरे" म्हटलें असतें तर!

आपल्याकडील प्रत्यक्ष तपासांत शृंगाराला फारसा वाव नाहीं. एखादें बनावट गिऱ्हाईक दुकानीं जातें, बरोबर पंच असतात, पंचनामा होतो. १९४० च्या औषधविषयक कायद्याप्रमाणें निरीक्षकानें दुकानांत तपासणीसाठीं घेतलेल्या नमुन्याचे चार भाग करून ते मोहोरबंद करावयाचे असतात, आणि त्यांतील एक भाग दुकानदारालाच द्यावयाचा असतो. कौटिल्याला तीन हेरांची एकवाक्यता हवी होती. आमच्या कायद्याला चार भाग हवे आहेत. एकट्याच्या शब्दावर, मग तो कितीहि प्रिय असो, दोघेहि विसंबत नाहींत.

अल्प्राझोलाम नांवाच्या ज्या गोळीला मालेगांवकडे 'कुत्ता गोळी' म्हणतात, ती मुळांत चित्तक्षोभावरचें औषध होय. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' अनुसूचींत ती आहे. असें औषध विकतांना डॉक्टरांचें व रोग्याचें नांव आणि दिलेलें प्रमाण निराळ्या वहींत लिहून ती वही तीन वर्षें जपणें दुकानदारावर बंधनकारक आहे.

आतां आमच्या मौनाचें कारण सांगतों. आमच्या थोरल्या भगिनी, अक्का, वैधव्यानंतर झोपेविना तळमळत. डॉक्टरांनीं थोड्या दिवसांकरितां त्याच जातीच्या गोळ्या दिल्या. मुदत संपली, परंतु अक्कांचे डोळे भरून येत, आणि आम्ही तीच जुनी चिठ्ठी घेऊन दुकानीं जात असूं. वहीचा प्रश्न ना दुकानदारानें काढला, ना आम्हीं. असा क्रम चार वर्षें चालला. एके रात्रीं अक्का न्हाणीघरांत पडल्या व खुब्याचें हाड मोडलें. तेव्हां सूनबाई एवढेंच म्हणाल्या, "मामंजी, ह्यांत आपण सारेच भागीदार आहों."

टायलरच्या त्या जोडप्याहून आम्ही निराळे कसे? आम्हींहि प्रेमापोटीं दोष झांकला. गोळ्या एकाएकीं बंद केल्यास झटके येण्याचें भय असतें. म्हणून डॉक्टरांनीं मात्रा कित्येक महिने थोडथोडी उतरवीत नेली. त्या काळांत सूनबाई रोज रात्रीं अक्कांच्या उशाशीं बसत. अक्का रागावत, बोलत, रडत. सूनबाई हलल्या नाहींत. आज अक्का काठी टेकीत अंगणांत फिरतात.

नातीनें पुन्हां विचारलें, तर आम्ही तिला सांगूं: बाळ, संकटांत हात धरणें हें प्रेम खरेंच; परंतु तोच हात चुकीच्या वस्तूकडे वळला असतां तो अडवणें, हें त्याहून कठीण प्रेम. तें तुझ्या आईपाशीं आहे. आज रात्रीं निजण्यापूर्वीं आपल्या घरचें औषधांचें कपाट एकवार उघडून पाहावें, एवढीच वाचकांस विनंती.