थकलेले कर्ज आणि देशाची गुपिते

गोपनीय काम देण्याआधी माणसाची चौकशी होते, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याचे मित्र कोण, परदेशात नातेवाईक आहेत का, हे विचारले जाणारच. पण त्याने क्रेडिट कार्डाचे बिल वेळेवर भरले का, हेही तपासतात, हे वाचून मला आश्चर्य वाटले. अमेरिकेत तसा नियमच आहे.

तिथे गोपनीय कागद पाहायचे तर 'सिक्युरिटी क्लिअरन्स' म्हणजे खास परवानगी लागते. केवळ हुद्दा मोठा म्हणून ती मिळत नाही. ती द्यायची की नाही हे १३ कसोट्यांवर ठरते आणि त्यांतली 'एफ' ही कसोटी पैशांच्या व्यवहाराची आहे. उमेदवाराला एक लांबलचक फॉर्म भरावा लागतो. गेल्या ७ वर्षांत दिवाळे निघाले का, एखादे देणे १२० दिवसांपेक्षा जास्त थकले का, जुगारामुळे कधी अडचण झाली का, असे प्रश्न त्यात असतात.

यामागचे कारण इतिहासात सापडते. जॉन वॉकर हा अमेरिकन नौदलात संदेश विभागात होता. त्याने काढलेला बार तोट्यात गेला. १९६७ मध्ये तो वॉशिंग्टनमधील सोव्हिएत वकिलातीत गेला आणि नौदलाच्या गुप्त संकेतांच्या किल्ल्या विकू लागला. तो पकडला गेला थेट १९८५ मध्ये! त्याच वर्षी सीआयएमधील आल्ड्रिच एम्सने कर्जाच्या ओझ्याखाली ५०,००० डॉलरसाठी सोव्हिएतांशी संधान बांधले. त्याने नावे फोडल्यामुळे अमेरिकेसाठी काम करणारे कितीतरी लोक पकडले गेले आणि त्यांतल्या अनेकांना मृत्युदंड झाला. शत्रूला अशा माणसाचे मन वळवावे लागले नाही. तो स्वतःच चालत आला.

एम्सचे कर्ज फिटले, पुढे त्याने लाखो डॉलरचे घर रोख पैशांत घेतले, जग्वार गाडी घेतली, तरी तो १९९४ पर्यंत मोकळाच होता. मला वाटते, कर्जापेक्षा ही श्रीमंतीच आधी डोळ्यांत भरायला हवी होती. आता 'एफ' कसोटीत न सांगता येणारी श्रीमंतीही मोजली जाते.

याचा अर्थ कर्ज काढणे हा गुन्हा आहे, असा मुळीच नाही. घराचे किंवा शिक्षणाचे कर्ज असून हप्ते वेळेवर जात असतील तर कोणी अडवत नाही. अमुक इतके डॉलर थकले की परवानगी गेली, असा आकडाही नियमात नाही. नोकरी सुटली, घरात मोठे आजारपण आले, घटस्फोट झाला, यामुळे देणे थकले असेल तर ते लक्षात घेतात. मात्र मग पुढचा प्रश्न येतो की तुम्ही काय केले? बँकेशी बोललात का? थोडे थोडे तरी फेडायला लागलात का? की नोटिसा न उघडताच ड्रॉवरमध्ये टाकल्या? फॉर्मवर कर्ज लपवणे तर सर्वांत वाईट, कारण तेव्हा प्रश्न पैशांचा राहत नाही, खोटेपणाचा होतो.

या सगळ्याचा फटका तरुण सैनिकांना जास्त बसतो असे दिसते. पहिला पगार, घरापासून दूर, आणि छावणीच्या बाहेरच झटपट कर्ज देणारी दुकाने. व्याज इतके असे की अमेरिकेला २००६ मध्ये कायदा करून सैनिकांच्या अशा कर्जांवर वर्षाला ३६ टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. (३६ टक्केही मला प्रचंडच वाटतात. आमच्या गणिताच्या पुस्तकातला सावकारसुद्धा १२ वर थांबतो.)

आपल्याकडे केंद्र सरकारच्या मुलकी कर्मचाऱ्यांसाठी १९६४ चे आचरण नियम आहेत. त्यांतील १७ वा नियम सांगतो की कर्मचाऱ्याने आपले व्यवहार असे ठेवावेत की सतत कर्जबाजारी राहण्याची वेळ येऊ नये. वसुलीसाठी कोर्टात दावा झाला तर त्याने ते लगेच सरकारला कळवायचे असते. आणि कर्ज उधळपट्टीमुळे नव्हे, तर आधी कळू न शकलेल्या अडचणीमुळे झाले, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याचीच असते.