भावाआधी माप विचारा

देशात मेट्रिक वजने-मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, तरी बाजारात वार आणि तोळा ही बोली अजून चालते. अशा वेळी प्रत्येक माप डोळ्यांसमोर उभे राहिले नाही, तर नुकसान गिऱ्हाइकाचे होते आणि छोट्या दुकानदाराचेही.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पण खाद्यतेल पाण्यापेक्षा हलके असते. लिटरभर तेल भरते सुमारे ९१० ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात १५ किलोच्या डब्यापेक्षा जवळपास १ किलो ३५० ग्रॅम तेल कमी येते.

कापडाचेही तेच. वार ९१.४४ सेंटिमीटरचा. मीटर त्याहून साधारण चार बोटे लांब. ९५ रुपये वार हा भाव १०० रुपये मीटरपेक्षा स्वस्त वाटतो. प्रत्यक्षात तो मीटरला जवळपास १०४ रुपये पडतो.

जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, तर आजच्या सराफीत तोळा म्हणजे १० ग्रॅम. जुने दागिने मोडताना हा फरक ध्यानात ठेवावा.

थोडक्यात, भाव ठरवण्याआधी माप विचारा आणि पावतीवर ग्रॅम, किलो, लिटर किंवा मीटर स्पष्ट लिहून घ्या.