आज्जीची वाकळ आणि तासाचा हिशोब

मागच्या व्हिडिओनंतर एक प्रश्न बऱ्याच ताईंनी विचारला: "सर, हाताने केलेल्या वस्तूची किंमत काढायची कशी? मेहनत किती धरायची?" याचं उत्तर मी बीबीए करताना पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं ते आज्जीच्या वाकळेमुळे. म्हणून आज जरा घरचं सांगतो.

आमच्या सातारा भागात गोधडीला वाकळ म्हणतात. हेच काम कर्नाटकात कौदी, बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी. नावं वेगळी, पण मूळ एकच: जुनं मऊ कापड एकावर एक ठेवायचं आणि धावदोऱ्याने पक्कं करायचं. आज्जी उन्हाळ्यात शेतातली कामं आटोपली की वाकळ घालायला घ्यायची. नऊवारी लुगडी धुऊन, काठ उसवून, थर अंथरायची. आधी मोठे कच्चे टाके, मग कडेपासून आत-आत येणारे बारीक टाके.

तिला जवळचं दिसायचं नाही. त्यामुळे सकाळी शाळेत जायच्या आधी दहा सुया ओवून ठेवणं हे माझं काम. संध्याकाळी दहाही सुया रिकाम्या असायच्या.

गावातल्या बायका लुगडी आणून द्यायच्या आणि वाकळ झाली की खण-नारळ देऊन न्यायच्या. पैसे कुणी दिले नाहीत, तिनेही मागितले नाहीत. "बसल्या बसल्या होतंय की," म्हणायची. घरात आम्हीही तेच म्हणायचो.

विकायच्या की नाही?

आज्जी गेली तेव्हा तिच्या पेटीत सहा वाकळा निघाल्या, त्यातली एक अर्धवट. एका होम-स्टेवाल्यांनी सगळ्या मागितल्या, रक्कमही चांगली सांगितली. दुकानाला तेव्हा पैशांची गरज होती. मी आईला विचारलं. आई म्हणाली, "त्या इकायच्या नाहीत. तुला धंदा करायचाय ना, मग नव्या शिवून घे. पण तुझ्या आज्जीला जसं फुकट राबवलं, तसं दुसऱ्या कुणाला राबवू नकोस."

पाच वाकळा घरात वाटल्या. अर्धवट राहिलेली दुकानात आणली, आणि तीच आमची शाळा झाली. पूर्ण वाकळेत आतलं काही दिसत नाही. हिच्यात थर किती, कच्चा टाका कुठे, कोपरा कसा दुमडलाय, सगळं उघडं होतं. आता आमच्याकडे शिवणाऱ्या चार ताई त्यावरूनच शिकल्या.

आता हिशोब बघा

दहा सुया म्हणजे आज्जीचे साधारण चार तास. मोठ्या वाकळेला बारा दिवस, म्हणजे 48 तास. "बसल्या बसल्या" चे 48 तास!

- मजुरी: 48 तास × 60 रुपये = 2,880
- दोरा: 140
- नवीन अस्तर: 380
- धुलाई, पॅकिंग: 100
- एकूण खर्च: 3,500
- त्यावर 25 टक्के: 875
- विक्री किंमत: 4,375

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. खर्चावर 25 टक्के लावले, तरी विक्रीवर मार्जिन 20 टक्केच पडतं. दुकानाचं भाडं, लाईट बिल यातूनच जाणार. आणि साठचा आकडा माझा आहे, तुमच्या गावचा दर तुम्ही धरा. पण शून्य धरू नका.

"एवढी महाग?" असं गिऱ्हाईक म्हणतंच. मी घासाघीस करत नाही, तासांची वही दाखवतो. काही जण निघून जातात. जे थांबतात, ते पुन्हा येतात.

आठवणीचं कापड, जबाबदारीचं काम

आमच्या बहुतेक ऑर्डर गेलेल्या आईच्या किंवा आजीच्या साड्यांच्या असतात. ते कापड बाजारात पुन्हा मिळणार नाही. म्हणून आमचे चार नियम:

1. साड्या घेतानाच फोटो काढायचा आणि रजिस्टरला नोंद करायची.
2. दोन्ही अंगठ्यांनी कापड हलकं ताणून बघायचं. विरलेलं असेल तर ते आतल्या थरात घालायचं.
3. सुती वेगळं, सिंथेटिक वेगळं. एकत्र केलं तर थर सरकतात.
4. कात्री लावण्याआधी कुठला काठ वर हवा, हे गिऱ्हाइकाकडून लिहून घ्यायचं. निम्मा ॲडव्हान्स तेव्हाच.

वाकळेच्या कोपऱ्यात आम्ही छोटी पट्टी लावतो. त्यावर शिवणाऱ्या ताईचं नाव असतं, दुकानाचं नंतर. आज्जीने गावभर वाकळा दिल्या, पण तिचं नाव एकीवरही नाही.

या आठवड्याचं होमवर्क: तुमच्या घरात कुणी विणत असेल, शिवत असेल, पापड-कुरडया करत असेल, तर सात दिवस तिचे तास वहीत लिहा. किंमत नंतर काढू. आधी तास तर मोजूया.