मुनीम हवा की हमाल?

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या सुट्या भागांवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण माजिवडा नाक्याजवळ माझ्या मामांचा छोटा फोटो स्टुडिओ आहे आणि संध्याकाळी मी तिथे बसते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच; त्यामुळे 'तू शिकलेली, तूच बघ' म्हणून बरीच कामे माझ्याकडे येतात. त्यांतलेच हे एक.

आजकाल एका लग्नाचे चित्रण दोन-तीनशे जीबी सहज भरते. मामांकडे कित्येक वर्षांची लग्ने सुट्या हार्डडिस्कवर पडून होती. त्यांत माझ्या ताईचेही लग्न आहे, आणि आमच्या आजीचे बोलणे-हसणे आता तेवढ्यातच उरले आहे. तेव्हा आठ नव्या डिस्क घेऊन जुन्या संगणकातूनच साठवणीचे एक यंत्र करायचे ठरले. मदरबोर्डवर डिस्क जोडायच्या जागा मात्र चारच. म्हणजे मध्ये एक कार्ड आले.

अशी कार्डे मुख्यतः दोन जातींची. रेड कार्डाला स्वतःचा मेंदू असतो. डिस्कांवर माहिती वाटणे, एखादी बंद पडली तर उरलेल्यांवरून हिशेब जुळवणे, हे तेच करते. (स्वस्त डिस्का एकत्र बांधण्याची ही कल्पना पॅटर्सन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ साली 'रेड' या नावाने मांडली.) दुसरे एचबीए. तो निव्वळ हमाल. दिले ते जसेच्या तसे पोचवतो. हिशेब संगणकातली झेडएफएससारखी प्रणाली ठेवते.

मामांचा ओढा रेडकडे. महाग ते चांगले, शिवाय वीज गेली तर लिहायचे राहिलेले सांभाळायला त्यातल्या काहींना बॅटरी असते. हा गुण खरा आहे. पण मुनीम कितीही हुशार असला, तरी खतावणी स्वतःच्या मोडीत लिहितो! कार्ड बिघडले की डिस्का धडधाकट असूनही बहुधा त्याच घराण्यातले कार्ड शोधत फिरावे लागते. हमाल गेला तर दुसरा कोणताही चालतो. आणखी एक. झेडएफएस प्रत्येक तुकड्याची पडताळणी-खूण जपते. एखादा तुकडा गुपचूप बिघडला तर दुसऱ्या डिस्कवरून दुरुस्त करते. त्यासाठी तिला प्रत्येक डिस्क सरळ दिसावी लागते. मध्ये मुनीम बसला की चूक कळते, पण सुधारता येत नाही.

एलएसआयचे ९२११-८आय हे जुने कार्ड आठ डिस्का घेते आणि सेकंडहँड बाजारात मिळते. त्यात 'आयटी' फर्मवेअर आहे ना, एवढे विचारावे. 'आयआर' असेल तर बदलून घ्यावे. नवे, वेगवान कार्ड कशाला? एक फिरती डिस्क सेकंदाला फार तर दोनशे-अडीचशे एमबी देते. आठांचे दोन हजार धरा. या कार्डाचा रस्ता चार हजारांचा आहे. एका केबलवर पाच डिस्का लटकवणाऱ्या स्वस्त पट्ट्यांच्या मात्र वाटेला जाऊ नये. तिथे सगळ्यांना एकाच बोळातून जावे लागते.

ही कार्डे सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी घडवलेली असल्याने बंद पेटीत भयंकर तापतात. म्हणून त्यावर एक छोटा पंखा हवाच. आणि कार्ड कोणतेही असो, चोरी नि आगीपासून ते वाचवत नाही. आमची दुसरी प्रत मामींच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली आहे.