फुरसुंगी ते लंडन, व्हाया बऱ्हाणपूर

पी.एल. लागली की आपल्या हॉस्टेलमध्ये दोनच प्रकारची पुस्तकं दिसतात. एक म्हणजे टेक्स्ट बुकची झेरॉक्स आणि दुसरं म्हणजे मागच्या पाच वर्षांचे पेपर. तिसऱ्या प्रकारचं पुस्तक कुणाच्या हातात दिसलं की लगेच प्रश्न येतो, “काय, झाला वाटतं सगळा सिलॅबस?” हा लेख त्या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे. सिलॅबस माझाही झालेला नाही, हे आधीच सांगते.

सुरुवात माझ्या फजितीपासून करावी लागेल. फर्स्ट इयरला 27 फेब्रुवारीला, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनाला, स्टेजवर एक उतारा वाचायला मला उभं केलं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. घरी मराठी बोलतो, पण वाचन म्हणाल तर दहावीच्या मराठीच्या पेपरपुरतं. तिसऱ्याच ओळीत ‘उद्ध्वस्त’ हा शब्द आला. मी त्याचे तीन वेगवेगळे उच्चार केले आणि तिन्ही चुकले. हॉल हसला. मीही हसले, पण खोलीवर येऊन रडले. बोलता येते ती आपली भाषा वाचता येत नाही, म्हणजे नक्की काय येत नाही, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात बसला.

उत्तर तसं सोपं आहे. इंग्रजीतलं ‘थ्रू’ हे स्पेलिंग मी अक्षर-अक्षर लावून वाचत नाही, एका नजरेत उचलते. कारण ते हजारो वेळा डोळ्यांखालून गेलेलं असतं. ‘उद्ध्वस्त’ मात्र मला गणितासारखा सोडवावा लागतो: द, त्याला ध, त्याला व. तो सुटेपर्यंत वाक्याची सुरुवात विसरलेली असते! मग आपण म्हणतो, “मराठी पुस्तकं बोअर असतात.” बोअर पुस्तक नसतं, आपला स्पीड असतो. स्पीड वाढायचा तर भरपूर पानं डोळ्यांखालून जायला हवीत, आणि भरपूर पानं तेव्हाच जातात जेव्हा पुढे काय झालं हे कळल्याशिवाय राहवत नाही. थोर थोर कादंबऱ्यांनी सुरुवात करणारे विसाव्या पानावर गळतात ते यामुळे. (मी दोनदा गळले. कादंबऱ्यांची नावं सांगत नाही, त्यांचा काही दोष नव्हता.)

म्हणून पहिला उपाय म्हणजे लहान मुलांची पुस्तकं. विसाव्या वर्षी ‘फास्टर फेणे’ वाचताना मला लाज वाटत होती. मी त्याला मेकॅनिक्सच्या पुस्तकाचं कव्हर घातलं होतं. माझ्या रूममेटने ते पकडलं. ती मेहकर तालुक्यातल्या खेड्यातली, दहावीपर्यंत मराठी मीडियम. म्हणाली, “काहून लाजून राह्यली वं? आमी पाचवीत वाचलं, तू आता वाच!”

भा. रा. भागवत (1910–2001) यांचा हा बनेश फेणे, म्हणजे बन्या, मूळचा फुरसुंगीचा आणि शिकायला पुण्याच्या विद्याभवनमध्ये. अंगाने किडकिडीत, पण सायकल अशी दामटतो की नाव पडलं फास्टर फेणे. या गोष्टींत वाक्यं छोटी असतात, निम्मं पान संवादाचं असतं आणि दर दोन पानांना काहीतरी घडतं. मराठी शिकवायला म्हणून ती लिहिलेली नाहीत, पण माझ्यासारखीला याहून चांगली शिकवणी नाही. चार पुस्तकं संपेपर्यंत जोडाक्षरांशी माझं भांडण बरंचसं मिटलं होतं.

‘श्यामची आई’ची गोष्ट वेगळी. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलं. पुस्तक 42 रात्रींत विभागलेलं आहे, एका रात्री एक आठवण. हॉस्टेलवर रोज मेसवरून आल्यावर एक रात्र असा हिशोब केला तर दीड महिन्यात संपतं. मला ते काही ठिकाणी फार रडकं वाटलं, हे खरं सांगते. पण त्यातलं कोकणातलं घर, कर्ज, सावकार आणि त्यापायी होणारा आईचा अपमान हे रडकं नाही, ते सरळ सांगितलेलं आहे. अजून एक फायदा असा की भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी कॉपीराइट संपतो. गुरुजी 1950 साली गेले, त्यामुळे त्यांची पुस्तकं आता सगळ्यांची आहेत. म्हणून ती इतक्या प्रकाशकांकडून स्वस्तात मिळतात आणि मराठी विकिस्रोतवरही फुकट वाचता येतात. तसंच बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचं. ते 1971 पासून चालू आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत ठेवलेले आहेत. रात्री मोबाइल बघायचाच असेल तर हेही त्याच मोबाइलवर आहे.

आता मुलांच्या गोष्टींतून प्रवासवर्णनाकडे कसं जायचं? मला रस्ता भागवतांनीच दाखवला. त्यांनी ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाला मराठीत आणलं. व्हर्नची पुस्तकं एकाच वेळी मुलांची, प्रवासाची आणि इंजिनिअरिंगची असतात. त्याची ‘नॉटिलस’ पाणबुडी विजेवर चालते, आणि पुस्तक आहे 1869-70 चं! पण आपल्याला जवळचं म्हणजे ‘ऐंशी दिवसांत जगाची फेरी’. त्यातला फिलिआस फॉग ऑक्टोबर 1872 मध्ये मुंबईला उतरून रेल्वेने कलकत्त्याला निघतो. त्याच्या नोकराचे बूट मुंबईतल्या देवळाच्या भानगडीत हरवलेले असतात, म्हणून तो वाटेत नव्या सपाता घेतो. कुठे घेतो? बऱ्हाणपूरला! आपल्या मलकापूरच्या पलीकडे, दीड-दोन तासांवर. हे वाचून मी खोलीत ओरडलेच.

मग आम्ही दोघींनी रेल्वेचा नकाशा काढला. भुसावळला लाइन फुटते. एक फाटा बऱ्हाणपूर-खंडव्याकडे जातो, दुसरा मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला करत नागपूरला. हा दुसरा फाटा 1867 मध्येच नागपूरला पोचला होता. म्हणजे फॉगसाहेब उजवीकडे वळले असते तर शेगाव स्टेशनवरून गेले असते. गंमत पुढेच आहे. कादंबरीत अलाहाबादच्या अलीकडे रूळ संपतात आणि फॉगला हत्ती विकत घ्यावा लागतो. प्रत्यक्षात मुंबई-अलाहाबाद लाइन 1870 मध्येच जोडली गेली होती. व्हर्न भारतात कधी आलाच नव्हता. कागदावरच्या माहितीवर त्याने सगळा प्रवास रचला, तेव्हा एवढी चूक माफ. पण इथेच मला पहिल्यांदा कळलं की प्रवासाचं पुस्तक नकाशा शेजारी ठेवून वाचायचं असतं. त्याने दुप्पट मजा येते आणि लेखक कुठे फेकतोय तेही कळतं.

आता मुख्य मुद्दा. मराठी कच्चं असलेल्या माणसाला प्रवासवर्णन कादंबरीपेक्षा सोपं का जातं? कादंबरीकार आपल्या गावातलं लिहितो. तिथली नाती, सण, भांडी, शेतीची अवजारं तुम्हाला माहीतच आहेत असं तो धरून चालतो. प्रवास करणारा मात्र स्वतःच परका असतो. दिसलेली प्रत्येक गोष्ट त्याला उलगडून सांगावी लागते: हे काय आहे, कशासारखं दिसतं, आपल्याकडे त्याला काय म्हणतात. त्यामुळे शब्द अडला तरी पुढच्या वाक्यात अर्थ मिळतो. पु. ल. देशपांड्यांचं ‘अपूर्वाई’ (1960) म्हणजे एक मराठी माणूस इंग्लंड-फ्रान्स बघतो. त्यातलं लंडन मला इंग्रजी पुस्तकांतून आधीच माहीत होतं, अनोळखी होती ती मराठी. माहितीच्या जागेत अनोळखी भाषा शिकायला मिळाली. पुढचं ‘पूर्वरंग’ अतिपूर्वेचं. तोवर माझी मराठी इतपत झाली होती की अनोळखी जागाही चालली.

आपल्या विदर्भातले गो. नी. दांडेकर यांचा जन्म परतवाड्याचा. स्वातंत्र्याच्या ओढीने शाळकरी वयातच घर सोडलेला हा माणूस पुढे गाडगे महाराजांच्या सहवासात राहिला आणि नर्मदेची परिक्रमाही केली. ती ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’त येते. हे पुस्तक मात्र सावकाश वाचावं लागतं, घाईचं नाही.

आणि विष्णुभट गोडसे! पेणजवळच्या वरसईचे हे गरीब भिक्षुक. घरावर कर्ज झालं म्हणून 1857 साली काकांबरोबर उत्तरेत निघाले. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, एवढाच हेतू. वाटेत सापडलं काय, तर सत्तावनचं बंड! इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहराच्या आत होते. कमावलेलं पुन्हा पुन्हा लुटलं गेलं. शेवटी आई-वडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी परतले. पुढे कित्येक वर्षांनी हे लिहून काढलं आणि चिं. वि. वैद्य यांनी 1907 मध्ये ‘माझा प्रवास’ नावाने छापलं. इतिहासाच्या पुस्तकात सेनापती असतात. इथे गोळे पडत असताना जेवणाचं काय, लपायचं कुठे, याची काळजी करणारा माणूस आहे. भाषा जुनी आहे, पहिली दहा पानं जड जातात. तेवढी सोसा.

पुस्तकं शोधायची कुठे, हे थोडक्यात. आपल्यासारख्या कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांच्या पाठीवर जो नंबर असतो तो बहुधा ड्यूई दशांश पद्धतीचा असतो. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने ती 1876 मध्ये काढली. आपण सगळे 620 च्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या रॅकसमोर चार वर्षं काढतो. प्रवास आणि भूगोल 910 पासून पुढे, त्यात युरोप 914 आणि आशिया 915. मराठी साहित्य 891.46 ला. पण पुष्कळ ग्रंथालयं मराठी पुस्तकं सरळ एकत्र ठेवतात, तेव्हा दोन्हीकडे बघायचं.

या नंबरांचा खेळ लोणारवर करून बघा. विष्णूने लवणासुराला मारलं ती कथा लोककथांत, म्हणजे 398 ला. ते विवर उल्कापाताने झालं आणि तेही बेसॉल्ट खडकात, हे 1973 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या संशोधनाने ठामपणे मांडलं. ते भूविज्ञानात, 551 च्या आसपास. तिथे जाऊन आलेल्याने लिहिलं तर ते 915 ला. खड्डा एकच, सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद, आणि तीन रॅक! आमच्या लोणारच्या ट्रिपला मी सेल्फी सोडून काही आणलं नाही. आधी हे तिन्ही वाचून गेले असते तर दैत्यसूदन मंदिरासमोर नुसती उभी राहिले नसते.

मुलांची पुस्तकं मात्र इंजिनिअरिंगच्या लायब्ररीत मिळायची नाहीत. त्यासाठी गावातलं सार्वजनिक वाचनालय. 1967 च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची वाचनालयं तालुक्या-तालुक्यात आहेत. थोडं डिपॉझिट आणि मामुली वर्गणी, बस. मी गेले तेव्हा बालविभागात मी आणि सहावीतला एक मुलगा. एकाच पुस्तकावर दोघांचा डोळा होता. त्याने मला आधी नेऊ दिलं.

आता उलटी बाजू. माझ्या रूममेटला थर्मोडायनॅमिक्स येतं, पण व्हायवाला इंग्रजीत बोलायची वेळ आली की घाम फुटतो. एका सेमिस्टरला त्यापायी तिचे मार्क गेले. तिला मी आर. के. नारायण यांचं ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ (1935) दिलं, नंतर रस्किन बाँड यांचं ‘द ब्लू अंब्रेला’. दुसरं तर एका बैठकीत संपण्याएवढं छोटं. ती सुरुवातीला डिक्शनरी घेऊन बसायची. मी ती काढून घेतली आणि अट घातली, एका पानात एकच शब्द विचारायचा. पुढच्या व्हायवाला तिने काय दिवे लावले ते तिलाच विचारा. एवढं सांगते की यावेळी ती रडत आली नाही.

बदल्यात तिने मला सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ दिली. लेखक आपल्याच जिल्ह्यातले, अमडापूरचे. कादंबरी 2002 ची, तिला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला. शिकून बेकार राहिलेला शेतकऱ्याचा मुलगा एकनाथ आणि न परवडणारी शेती. लंडन मला सोपं गेलं होतं, ही शेतं इथून तासाभरावर असून कठीण गेली. वऱ्हाडी बोली मी मेसमध्ये रोज ऐकते, पण छापलेली दिसल्यावर परत ‘उद्ध्वस्त’सारखीच अडले. मग ती मोठ्याने वाचायची, मी ऐकायचे. पेरणीचे, अवजारांचे शब्द ती हाताने करून दाखवायची. एका रात्री ती वाचता वाचता थांबली. म्हणाली, “हे पुढचं तू मनात वाच. आमच्या घरचं हाय.” मी वाचलं. काय विचारावं ते सुचलं नाही, म्हणून काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच तिच्या बाबांच्या सोयाबीनचं सांगितलं, बऱ्याच उशिरापर्यंत.

पुस्तक अजून आमच्या खोलीवरच आहे. परत करायची तारीख उलटून नऊ दिवस झालेत. लेट फी दोघींत अर्धी-अर्धी.