पूल जुना होता म्हणून पडला?

पूल पडला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत त्याचं वय असतंच. महाडजवळचा सावित्री नदीवरचा दगडी कमानींचा पूल १९२८ चा, म्हणजे ८८ वर्षांचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो गेला आणि दोन एसटी गाड्या नदीत गेल्या. वाचणाऱ्याच्या डोक्यात लगेच गणित सुटतं, जुना होता म्हणून पडला. पीएच.डी.च्या मुलाखतीत हे वाक्य बोलून बघा. समोरचे सर विचारतील, ‘तेवढेच जुने किती पूल अजून उभे आहेत?’

म्हणजे अंश आहे, छेद कुठाय? आपल्याला फक्त पडलेले पूल दिसतात. आणि त्यातही सगळे म्हातारे नसतात. मावळातला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल १५ जून २०२५ ला पडला तेव्हा तिशीच्या आसपासच होता. त्या रविवारी त्यावर पर्यटकांची तोबा गर्दी होती. वय आणि पडणं यांचा संबंध असेलही, पण तो फक्त पडलेल्यांकडे बघून काढता येत नाही.

सावित्रीत तर आणखी एक मोह आहे. जुन्या पुलाला लागूनच एक नवा पूल होता. तीच नदी, तोच पूर. जुना गेला, नवा राहिला. जणू निसर्गानेच प्रयोग करून दिला! पण थांबा. दोन पुलांत फक्त वयाचा फरक नव्हता, बांधणीची पद्धतच वेगळी होती. दगडी कमानींच्या पुलात शेजारच्या दोन कमानी मधल्या खांबाला दोन्हीकडून रेटत असतात आणि त्या रेट्यांचा तोल साधलेला असतो. एक खांब खचला की तोल जातो आणि शेजारच्या कमानीही पाठोपाठ जाऊ शकतात. मग कारण कुठलं, वय की रचना? दोनच पुलांच्या माहितीतून हे वेगळं करता येणार नाही.

त्या वर्षीच्या मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि धोका नाही असा निष्कर्ष निघाला होता, हे तेव्हा सरकारनेच सांगितलं. लोकांनी त्यावरून अधिकाऱ्यांना धारेवर धरलं. मला मात्र इथे मोजमापाचा प्रश्न जास्त मोठा वाटतो. पुराचं पाणी खांबाशी भोवरे करतं आणि पायाजवळची वाळू-माती उकरून नेतं. जगभरात नदीवरचे पूल पडण्याच्या मुख्य कारणांत हे येतं. गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की पूर ओसरताना तोच खड्डा सैल गाळाने परत भरतो. उन्हाळ्यात तुम्ही पाहायला जाता तेव्हा नदीचा तळ अगदी सपाट, शहाण्यासारखा दिसतो. डोळ्यांनी केलेली पाहणी कितीही प्रामाणिक असली तरी हा खड्डा तिला सापडत नाही. त्यासाठी पाण्याखालची तपासणी लागते आणि पूर चालू असताना खोली मोजणारी यंत्रं लागतात.

आता छेदाकडे येऊ. सावित्रीनंतर दोनच महिन्यांनी केंद्राने राष्ट्रीय महामार्गांवरच्या पुलांची नोंद करणारी यंत्रणा सुरू केली. तिच्यात १,७२,५१७ बांधकामं नोंदवली गेली. आकडा भारी वाटतो, पण त्यातल्या १,३४,२२९ मोऱ्या आहेत, म्हणजे चारातल्या तीनहून जास्त. कुणी या आकड्यावर टक्केवारी काढून दाखवली तर आधी विचारा, मोऱ्या धरल्या की वगळल्या? शिवाय ही नोंद राष्ट्रीय महामार्गांची. आमच्या बेसाकडे पावसाळ्यात ज्यावरून पाणी जातं ते रपटे तिच्यात कशाला येतील? अमेरिकेत १९६७ मध्ये सिल्व्हर ब्रिज पडून ४६ माणसं गेली, त्यानंतर देशभर नियमित तपासणी बंधनकारक झाली. तिथली पूलनिहाय माहिती कुणालाही डाउनलोड करता येते, म्हणून या विषयावरचे इतके पेपर तिथले असतात.

पैशाचा भाग अर्थसंकल्पात दडलेला आहे. राज्याच्या अर्थसंकल्पात रस्ते-पुलांचा महसुली खर्च ३०५४ या शीर्षाखाली असतो आणि देखभाल-दुरुस्ती मुख्यतः तिथे येते. नवं बांधकाम ५०५४ या भांडवली शीर्षाखाली. भांडवली खर्च वाढला की कौतुक होतं, महसुली खर्च आवरायला सांगितलं जातं. सावित्रीवरचा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि त्याची वाहवा झाली, ती रास्तच होती. खांबाचा पाया वेळेत दुरुस्त केला म्हणून मात्र कुणी फीत कापत नाही.

इथे तुम्हाला डी सिटर यांचा १९८४ चा ‘पाचाचा नियम’ भेटेल. सुरुवातीला टाळलेला एक रुपया देखभालीत पाच, दुरुस्तीत पंचवीस आणि पुनर्बांधणीत सव्वाशे रुपये होऊन येतो, असा तो. प्रस्तावनेत टाकायला फार सोयीचा! पण तो काँक्रीटच्या टिकाऊपणाबद्दलचा ढोबळ ठोकताळा आहे. सावित्रीच्या दगडी कमानींना तो तसाच लावू नका.

मला स्वतःला सर्वात कमी अभ्यासलेला वाटतो तो मधला काळ. कुंडमळ्याला नवा पूल मंजूर झालेला होता. नवा मंजूर झाला की जुन्यावर खर्च करायला कोण तयार होईल? आणि नवा होईपर्यंत लोक तर जुन्यावरूनच जाणार. मंजुरी ते उद्घाटन या काळात जुन्या पुलावर किती खर्च झाला, किती वेळा तपासणी झाली, हा एका जिल्ह्यापुरता घेतला तरी एम.एस्सी.च्या प्रकल्पाला पुरेल.

माहिती मागताना ‘पूल सुरक्षित आहे का’ असं विचारू नका, कारण माहितीच्या अधिकारात असलेले कागद मिळतात, मत मिळत नाही. पावसाळ्याआधीच्या आणि नंतरच्या तपासणी नोंदींच्या प्रती मागा, वर्षं लिहून. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, त्यामुळे एका अर्जात एकच पूल घ्या.