नववी-दहावीत सुटलेली शाळा आणि मुलांचे आरोग्य



निकालाचा महिना आला की वस्तीत दोन प्रकारची घरे दिसतात. एका घरातून पेढे वाटले जातात. दुसऱ्या घराचे दार भर दुपारी लोटलेले असते. आत मुलगा भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो, आई गप्प असते, आणि बाप कामावरून आल्यावर एकच वाक्य बोलतो, "बस झाली शाळा. उद्यापासून चल माझ्याबरोबर." आजचे पान आम्ही या दुसऱ्या घरासाठी लिहीत आहोत.

आरोग्याच्या पानावर शाळेचा विषय कशाला, असे कोणी विचारील. शाळा सुटली की मुलाच्या हातून फक्त पुस्तक जात नाही. त्याची गोळी, त्याची तपासणी, त्याची झोप, त्याची संगत आणि मुलीच्या बाबतीत तर तिच्या लग्नाचे वयही बदलते. हे कसे घडते, ते एकेक पाहू.

गळती कुठे होते?

सरकारच्याच २०२१-२२ च्या आकडेवारीनुसार देशात प्राथमिक वर्गांत शाळा सोडण्याचे प्रमाण दीड टक्का होते, सहावी ते आठवीत तीन टक्के, आणि नववी-दहावीत ते एकदम १२.६ टक्क्यांवर गेले. म्हणजे आठ वर्षे टिकलेले मूल शेवटच्या दोन वर्षांत हातातून निसटते.

याची कारणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यानंतर शाळेत टिकवण्याची सक्ती कोणावरच राहत नाही. कच्चे राहिलेले गणित-इंग्रजी नववीत अंगावर येते. त्याच वयात मुलगा चार पैसे आणण्याजोगा दिसू लागतो आणि मुलगी "मोठी" दिसू लागते. घरात आजारपण किंवा दारू असेल तर पहिला घाव शाळेवरच पडतो.

"ढ" नव्हे, तपासणी राहिलेली

एक कारण मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि ते आरोग्याचेच आहे. फळा नीट दिसत नाही म्हणून वहीत काही उतरत नाही. कान वाहतो म्हणून शिकवलेले अर्धेच ऐकू येते. रक्त कमी आहे म्हणून तिसऱ्या तासाला डोळे मिटतात. अशा मुलाला शाळेत आणि घरात "ढ" म्हणतात, आणि दोन वर्षांनी तेही स्वतःला ढ समजू लागते.

काही मुले बोलण्यात हुशार असतात, हिशेब तोंडी करतात, पण वाचताना अक्षरे उलटसुलट होतात, लिहिताना हात अडतो. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. हा मंदपणा नव्हे. सरकारी रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्र मिळाले तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. म्हणून मूल नापास झाले तर हात उगारण्याआधी त्याचे डोळे, कान आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. पन्नास वेळा ओरडून जे होत नाही ते कधी कधी एका चष्म्याने होते.

शाळेबरोबर काय काय सुटते?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचे पथक सरकारी व अनुदानित शाळांत येऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते. दोष सापडला तर पुढच्या उपचारासाठी रुग्णालयात पाठवले जाते. पटावर नाव नसलेले मूल त्या रांगेत उभेच राहत नाही.

दुसरी गोष्ट लोहाची निळी गोळी. किशोरवयात उंची झपाट्याने वाढते, मुलींची पाळी सुरू होते, म्हणून शरीराला लोह जास्त लागते. शाळेत ही गोळी आठवड्यातून एकदा मिळते, आणि जंताची गोळी वर्षातून दोनदा. शाळा सोडलेल्या मुलीला लोहाची गोळी अंगणवाडीत मिळू शकते, पण ती मागायला जावे लागते. शाळा सोडलेल्या मुलासाठी तर या योजनेत जागाच ठेवलेली नाही. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्याची सुरुवात याच वयात होते.

कामावर गेलेल्या मुलाचे शरीर

चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे हा गुन्हा आहे आणि १४ ते १८ वयाच्या मुलाला धोक्याच्या कामावर ठेवायलाही २०१६ च्या दुरुस्तीने बंदी आहे. तरीही ही मुले वेल्डिंगच्या दुकानात, गॅरेजमध्ये, केटरिंगवर, बांधकामावर, भंगारात दिसतात.

सोळाव्या वर्षी हाडे आणि मणके अजून वाढत असतात. त्यांच्यावर रोज सिमेंटची गोणी चढली की पाठदुखी कायमची घर करते. चष्म्याशिवाय वेल्डिंग केले की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. मशीनच्या आवाजाने कमी झालेले ऐकू येणे परत येत नाही. केटरिंगच्या जागरणाने झोप आणि जेवणाच्या वेळा जातात.

यात अपघात झाला तर? बांधकाम कामगार मंडळात नोंदणीला १८ वर्षे पूर्ण लागतात. छोट्या दुकानात ईएसआयचे कार्ड नसते, पीएफ नसतो. मालक हातावर दोन हजार ठेवतो आणि "घरी आराम कर" म्हणतो. बोट तुटलेला मुलगा पुन्हा शाळेतही जाऊ शकत नाही आणि कामावरही.

वारसा हक्काची वाट

आपल्या अनेक घरांत वडील महापालिकेत सफाई कामगार आहेत. "बाबांच्या जागी लागणारच आहे, मग दहावी कशाला?" असे म्हणत मुले शाळा सोडतात. वारसा हक्क हा कष्टाने मिळालेला आधार आहे, तो आम्ही कमी लेखत नाही. पण त्या वाटेकडे डोळे लावून बसणे म्हणजे वडिलांच्या निवृत्तीची नाहीतर मृत्यूची वाट पाहणे आहे. आणि मिळणार काय? तीच धूळ, तोच कचरा, तोच गटाराचा वायू, ज्याने वडिलांची छाती गेली. शिवाय आता बरीचशी कामे ठेकेदाराकडे गेली आहेत आणि ठेक्याच्या कामाला वारसा नसतो. वडिलांनी झाडू धरला तो मुलाच्या हाती पुस्तक यावे म्हणून.

मोकळा वेळ आणि तोंडातली पुडी

शाळा सुटली पण काम रोज नाही, अशी अवस्था सगळ्यात धोक्याची. दिवसभर नाक्यावर उभे राहायचे, मोबाईल, मावा, खर्रा, मग संध्याकाळची बाटली. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते हे वस्तीतल्या लहान मुलालाही ठाऊक असते.

सुपारी-तंबाखू सतत तोंडात धरल्याने गालाची आतली कातडी पांढरट आणि ताठ होते. तिखट झोंबते. मग तोंड उघडणे कमी होत जाते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर लगेच दंत विभागात दाखवा. ही कर्करोगाच्या आधीची पायरी असू शकते. पंचशीलातले पाचवे शील आपण दर रविवारी विहारात म्हणतो. ते किशोरवयीन मुलासाठी आरोग्याचा सल्लाही आहे.

मुलीची शाळा सुटली की

मुलीची शाळा अनेकदा नापास झाल्यामुळे सुटत नाही. शाळा लांब असते, रस्त्यात टवाळखोर असतात, शौचालयाला पाणी नसते, घरी धाकटे भावंड असते. ती घरी बसली की सहा महिन्यांत "स्थळ" हा शब्द सुरू होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले, म्हणजे दर पाचातली एक.

कोवळ्या वयातल्या बाळंतपणात रक्तदाब वाढणे, झटके येणे, बाळंतपण अडणे, बाळ कमी वजनाचे होणे असे धोके जास्त असतात. आईचे रक्त कमी तर बाळाचेही कमी. ते बाळ पुढे वर्गात पेंगते आणि गोष्ट पुन्हा पहिल्या पानावर येते. याउलट, शिकलेल्या आईची बालके जास्त जगतात, लसी पूर्ण होतात, हे पाहणीमागून पाहणीत दिसले आहे. मुलीच्या शिक्षणाचा फायदा तिच्याबरोबर तिच्या लेकरालाही होतो, तो असा.

मनावरचा भार

नापास झालेले मूल उद्धट वागते तेव्हा आत बहुतेक वेळा लाज असते. जेवण कमी होणे, झोप न लागणे, मित्र टाळणे, आवडते सामान वाटून टाकणे, "मी नसतो तर बरे झाले असते" असे बोलणे, यातले काही दिसले तर त्याला एकटे सोडू नका. "तुला मरावेसे वाटते का?" असे सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार मनात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येते.

परतीच्या वाटा

शाळा सुटली म्हणजे दार कायमचे बंद झाले, हा मोठा गैरसमज आहे.

दहावीत नापास झालात तर निकालानंतर दोन-एक महिन्यांत पुरवणी परीक्षा असते. तिचा फॉर्म लगेच भरा. एक-दोन विषयच राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीत प्रवेश घेता येतो.

शाळा आधीच सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. वेळापत्रक जवळच्या शाळेत विचारा. तारीख गेली तर वर्ष जाते.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून १४ वर्षांनंतर दहावी करता येते. विषय निवडता येतात आणि पाच वर्षांत एकेक करून सोडवता येतात. गणित न घेताही पास होता येते, पण पुढे ज्या शिक्षणाला गणित लागते ती दारे त्यामुळे बंद होतात, हे आधी लक्षात घ्या.

दिवसा काम करावेच लागत असेल तर मुंबईसारख्या शहरांत रात्रशाळा आहेत. आयटीआयचे काही ट्रेड दहावी नापास मुलांनाही खुले असतात.

पैशाचे म्हणाल तर सरकारी व अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत फी नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याण विभागाची वसतिगृहे आहेत. दहावीनंतर भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळाल्यास स्वाधार योजनेत खोलीभाडे-जेवणासाठी रक्कम मिळते, त्याला गुणांची अट आहे. यातले बरेचसे दहावीच्या पलीकडे ठेवलेले आहे. म्हणून दहावीचा उंबरठा ओलांडणे इतके मोलाचे.

एक काळजी आवर्जून घ्या. रागाच्या भरात शाळेतून दाखला काढून आणू नका. पटावर नाव आहे तोवर परतणे सोपे असते. दाखला घ्यावाच लागला तर जन्मतारीख आणि जातीची नोंद तिथेच तपासा. जातीचे प्रमाणपत्र आणि पडताळणीला हाच कागद पुढे येतो.

विहाराने काय करावे?

बाबासाहेब परळच्या चाळीतल्या एका खोलीत अभ्यास करून १९०७ साली मॅट्रिक झाले. घरी जागा नसताना शिकणे काय असते हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. आजही वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही, स्वयंपाक आणि अभ्यास एकत्रच चालतात. विहाराचे दार मात्र संध्याकाळी बहुतेक बंद असते.

ते सात ते दहा उघडे ठेवता येईल. दोन ट्यूबलाइट, चार सतरंज्या, आणि गणित-इंग्रजी घेणारा वस्तीतलाच एखादा कॉलेजचा विद्यार्थी, एवढ्यावर अभ्यासिका सुरू होते. महिला मंडळाने नववी-दहावीच्या मुलामुलींची यादी करावी आणि कोण आठवडाभर शाळेत गेले नाही ते विचारावे. सलग गैरहजेरी ही शाळा सुटण्याची पहिली खूण आहे. कुठे अठराच्या आतल्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली असतील, किंवा लहान मूल कामावर जुंपले असेल, तर १०९८ वर कळवावे. जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा १७ नंबरच्या फॉर्मसाठी राखून ठेवला तर त्याचा हिशेब द्यायला कोणालाही अभिमान वाटेल.

आणि त्या लोटलेल्या दाराच्या घरातल्या आईवडिलांना एवढेच सांगतो. आजची रात्र जाऊ द्या. लेकराला जेवायला वाढा, शेजारी बसा, "पुन्हा बसू परीक्षेला" असे म्हणा. उद्या सकाळी त्याला कामावर नेण्याआधी त्याच्यासोबत शाळेत जा आणि पुरवणी परीक्षेचा फॉर्म विचारा.

जयभीम, नमो बुद्धाय.